अतिशीत झडपेची दुरुस्ती : वाफेवरील सवयी येथे चालत नाहीत

गोंदिया जिल्ह्यातील फिटरचा हात मुख्यतः वाफेवर तयार झालेला असतो. भातगिरण्यांचे बॉयलर आणि तिरोडा येथील ३,३०० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक विद्युत केंद्र ही त्याची पाठशाळा होय. तेथे गंजलेला बोल्ट सुटेना तर त्यावर तेलाचे दोन थेंब सोडावेत, तरीही न ऐकल्यास ज्योत दाखवावी, आणि एखादा बोल्ट हरवलाच तर पेटीतील दुसरा बसवावा, ही रीत अनेकांच्या अंगवळणी पडली आहे. बॉयलरवरही ती निर्दोष नाही. परंतु उणे १८३ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप प्राणवायूच्या नळीवर यांपैकी प्रत्येक गोष्ट प्राणघातक ठरू शकते.

हा विषय आता केवळ मोठ्या रासायनिक कारखान्यांपुरता उरलेला नाही. २०२० मध्ये कोविडची साथ आल्यानंतर अनेक रुग्णालयांच्या आवारात द्रवरूप प्राणवायूच्या उंच टाक्या उभ्या राहिल्या. भिलाईसारख्या पोलाद कारखान्यांत हवेतून वेगळा काढलेला प्राणवायू टँकरने तेथवर येऊ लागला. या व्यवस्थेत एक सांधा निखळला तर काय होते, हे २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महानगरपालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात दिसून आले. टाकीजवळ गळती झाली, नळीतील दाब उतरला आणि कृत्रिम श्वसनावर अवलंबून असलेल्या २२ रुग्णांचा त्या दिवशी मृत्यू झाला. द्रव बाहेर सांडत होता तो आवारात. माणसे दगावली ती आत, खाटांवर. म्हणून अशा नळीवरील झडपेला पाना लावण्यापूर्वी रुग्णांचा पुरवठा सिलिंडरच्या पर्यायी जोडणीवर वळविलेला आहे आणि ती जोडणी पुरेसा वेळ टिकेल, याची खात्री वॉर्डात जाऊन करून घेणे हे दुरुस्तीचेच पहिले काम समजले पाहिजे.

बॉल व्हॉल्व्हची रचना दिसावयास सोपी आहे. आरपार भोक पाडलेला धातूचा गोळा टेफ्लॉनसारख्या पदार्थाच्या दोन कड्यांमध्ये बसविलेला असतो. दांडा पाव फेरा वळविला की मार्ग खुला वा बंद होतो. अतिशीत कामासाठीच्या झडपेत दोन विशेष गोष्टी असतात. पहिली म्हणजे तिची लांब मान. मानेत वायूचा स्तंभ साचून राहतो आणि तो उष्णतारोधकाचे काम करतो. त्यामुळे वरचे ग्लँड गोठत नाही. अशी झडप आडवी वा उलटी बसविली तर द्रव मानेत शिरतो आणि रचनेचा हेतूच संपतो.

दुसरी गोष्ट म्हणजे गोळ्याला पाडलेले एक लहानसे छिद्र. झडप बंद करताना गोळा आणि कवच यांच्यामधील पोकळीत थोडा द्रव अडकतो. एक लिटर द्रवरूप प्राणवायू सामान्य तापमानाला आला की त्याचा सुमारे ८६० लिटर वायू होतो. या वायूला वाट मिळाली नाही तर पोलादी कवचही फुटू शकते. ती वाट हे छिद्र देते. ते टाकीच्या, म्हणजे दाबाच्या बाजूस असावे लागते. कवचावर कोरलेला बाण त्याचीच खूण होय. जोडताना गोळा उलटा बसला तर छिद्र विरुद्ध बाजूला जाते आणि बंद झडपेतूनही गळती होत राहते. झडप उघडण्यापूर्वी सर्व भागांवर जुळणीच्या खुणा करून घेण्यात जी पाच मिनिटे जातात, ती याच कारणासाठी.

साधारण समज असा की थंड द्रव वाहत असतानाच धोका असतो. वास्तविक बंद होऊन हळूहळू तापू लागलेली झडप अधिक फसवी असते. म्हणून नळीचा तो भाग दोन्ही बाजूंनी बंद करून, त्या झडपांना कुलूप व सूचनापट्टी लावून, आतील द्रव मोकळ्या जागी सुरक्षित रीतीने सोडून द्यावा. दाबमापक शून्यावर आला तरी घाई करू नये. गोळा अर्धवट उघड्या स्थितीत ठेवावा, म्हणजे पोकळीत काही उरले असेल तर तेही निघून जाते. मग झडपेवरील हिम आपोआप वितळून धातू हवेच्या तापमानाला येईपर्यंत थांबावे. ज्योत तर नकोच. घाई असेल तर कोरडा नायट्रोजन वायू नळीतून सोडावा. मात्र नायट्रोजनमुळे बंदिस्त जागेत माणूस काही कळण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो. याउलट प्राणवायू कपड्यांत मुरून राहतो. असे कपडे ठिणगीने भडकतात. काम संपल्यावर बराच वेळ मोकळ्या हवेत, विडी व चुलीपासून दूर राहणे यासाठीच आवश्यक आहे. बोल्ट सोडताना ते सगळे एकदम काढू नयेत. आपल्यापासून दूरच्या बाजूचा प्रथम थोडा सैल करून आत दाब नाही हे पाहावे, आणि तोंड सांध्यासमोर आणू नये.

टाकीला लागून असलेल्या पहिल्या झडपेविषयी वेगळा विचार करावा लागतो. तिच्या मागे बंद करण्यास दुसरी झडपच नसते. टाकी पूर्ण रिकामी केल्याशिवाय ती उघडता येत नाही, आणि ते काम पुरवठादाराच्या प्रशिक्षित तंत्रज्ञांचेच आहे. अशा दाबपात्रांचे नियम पाहणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे. परवान्यातील अटी वाचून घेणे गोंदियाला अवघड नाही.

जुळणीच्या वेळी स्वच्छतेला सर्वाधिक महत्त्व आहे. प्राणवायूच्या सान्निध्यात तेल वा ग्रीज स्फोटकासारखे वागते, आणि पाव फेऱ्याची झडप झटकन उघडली तर पुढे धावणारा वायू दाबला जाऊन तापतो. तेवढी उष्णता तेलाचा अंश पेटविण्यास पुरते. बोटाचा तेलकट ठसाही नको. भाग ठरलेल्या द्रावकाने धुवावेत, स्वच्छ हातमोजे घालून हाताळावेत आणि अतिनील दिव्याखाली तपासावेत. बहुतेक खनिज तेले त्या प्रकाशात चमकतात. पाण्याचा थेंबही राहू देऊ नये. त्याचे बर्फ होऊन ते टेफ्लॉनच्या कड्यावर ओरखडा काढते.

जुने कडे डोळ्यांना चांगले दिसले तरी परत वापरू नये. उणे १९६ अंशांपर्यंत थंड होताना टेफ्लॉन लांबीत सुमारे दोन टक्के आकसते, तर स्टेनलेस पोलाद सुमारे ०.३ टक्के. या तफावतीत झिजलेल्या कड्याला जागा धरता येत नाही. बोल्टचेही तसेच. बाजारातील साधा कार्बन पोलादी बोल्ट या थंडीत ठिसूळ होऊन काचेसारखा तुटतो. उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचाच हवा. तो समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, दोन-तीन टप्प्यांत आवळावा.

झडप जोडल्यानंतर तिची प्रथम सामान्य तापमानात कोरड्या नायट्रोजनने, प्राणवायूस चालणारे फेसाचे द्रावण लावून चाचणी घ्यावी. अतिशीत झडपेचा खरा दोष मात्र थंडीतच उघडकीस येतो. त्यामुळे सुसज्ज कर्मशाळेत ती द्रवरूप नायट्रोजनने थंड करून हेलियम वायूने तपासली जाते. ही सोय तालुक्याच्या ठिकाणी नसते. तेथे राखीव झडप आधीच तपासून आणून ठेवणे आणि काढलेली झडप कर्मशाळेकडे पाठविणे हेच अधिक स्वस्त पडते. नवी झडप बसविल्यावर नळीत द्रव थोडा थोडा सोडून ती सावकाश थंड होऊ द्यावी, गळती पुन्हा पाहावी आणि त्यानंतरच रुग्णांचा पुरवठा तिच्यावर आणावा.