शाळेपूर्वीची शाळा : घर आणि गाव

मुलाच्या विद्याभ्यासाचा आरंभ हा साऱ्या आप्तेष्टांनी मिळून साजरा करावयाचा प्रसंग आहे, ही जाणीव भारतात फार जुनी आहे. केरळात विजयादशमीच्या दिवशी गुरू किंवा घरातील वडीलधारी व्यक्ती बालकाचे बोट धरून ताटातील तांदळांवर त्याच्याकडून पहिली अक्षरे गिरवून घेते. बंगालमध्ये सरस्वतीपूजेच्या दिवशी मुलाच्या हाती प्रथमच खडू दिला जातो. तेलंगणातील बासर येथील सरस्वतीच्या मंदिरात दूरदूरचे पालक आपल्या बालकांना अक्षरारंभासाठी घेऊन येतात. अनेक मुस्लिम कुटुंबांत मूल चार वर्षे, चार महिने व चार दिवसांचे झाले की ‘बिस्मिल्ला’चा विधी होतो. महाराष्ट्रात दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा करण्याची प्रथा आहे.

या सर्व प्रथांमध्ये दोन गोष्टी समान आहेत. पहिली ही की, मूल शिकू लागते तेव्हा त्याच्याभोवती कुटुंब आणि शेजारीपाजारी जमलेले असतात. दुसरी ही की, सर्वांचे लक्ष अक्षरावर खिळलेले असते. यांपैकी पहिल्या गोष्टीचे महत्त्व बालशिक्षणाच्या अभ्यासाने अधिकच स्पष्ट केले आहे. दुसऱ्या गोष्टीविषयी मात्र काही पुनर्विचार आवश्यक झाला आहे.

तयारी म्हणजे काय?

मुलाची शाळेसाठी तयारी करावयाची म्हणजे त्याला अक्षरे व अंक शिकवावयाचे, असा सर्वसाधारण समज आहे. शहरांतून याच समजापायी तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन त्याच्याकडून ओळीच्या ओळी गिरवून घेतल्या जातात. खेड्यात याच समजामुळे निरक्षर आई असे धरून चालते की, मुलाला शिकविण्याजोगे आपल्याजवळ काहीच नाही. जे काही होईल ते शाळेत होईल. वरवर पाहता या दोन घरांमध्ये मोठे अंतर दिसते. परंतु दोघांचीही भूल एकच आहे. तिची किंमत मात्र दोन्ही मुलांना निरनिराळ्या रीतीने मोजावी लागते. पहिल्याला शाळेत जाण्यापूर्वीच शिकण्याचा कंटाळा येतो. दुसरे पहिलीच्या वर्गात येऊन बसते, परंतु गप्प बसते. आणि असे गप्प बसलेले मूल पुढे केव्हा शाळेतून नाहीसे होते याची नोंदही पुष्कळदा कोणी घेत नाही.

वस्तुतः तीन ते सहा वर्षांच्या वयात अक्षराच्या आधी यावयाच्या अनेक गोष्टी असतात. आपल्या मनातील गोष्ट दुसऱ्याला समजेल अशी सांगता येणे, दुसऱ्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकता येणे, वस्तूंमधील साम्य व भेद ओळखता येणे, लहानमोठे, कमीअधिक, आधीनंतर यांची जाण असणे, ह्या बौद्धिक तयारीच्या गोष्टी होत. हाताच्या बोटांवर ताबा असणे, स्वतःच्या हाताने जेवता येणे, शौचाला जाण्याची गरज सांगता येणे, ही शारीरिक तयारी होय. काही तास आईपासून दूर राहणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, खेळणे दुसऱ्याला देणे, हा तिचा सामाजिक व भावनिक भाग आहे. या सर्वांच्या मुळाशी पोटभर अन्न, वेळेवर टोचलेल्या लसी आणि निरोगी शरीर हवे, हे वेगळे सांगावयास नको. ज्या मुलाची ही बैठक पक्की झाली आहे, त्याला अक्षरे पुढे सुलभतेने येतात.

बालोद्यान ही कल्पना जगाला देणारा जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रेबेल याने आपल्या संस्थेला १८४० साली ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. त्यानंतर चार वर्षांनी, १८४४ मध्ये, त्याने एक पुस्तक प्रसिद्ध केले, ते मातांसाठी होते. मांडीवरच्या मुलाबरोबर गावयाची गाणी आणि बोटांचे खेळ त्यात होते. बालोद्यानाच्या जन्मकाळीच त्याचे नाते घराशी असे जोडले गेले होते.

घरातील साधने

घरी जे नित्य चालते त्यातच या तयारीची बहुतेक सामग्री असते. तांदूळ निवडताना खडे वेगळे काढणारे मूल वर्गीकरण करीत असते. मिश्र कडधान्यातून मूग आणि मटकी निरनिराळ्या वाट्यांत टाकताना त्याची नजर भेद ओळखण्यास शिकते व बोटांना वळण लागते. कणकेची गोळी करणाऱ्या हाताला पुढे पेन्सिल धरणे जड जात नाही. घरातल्या प्रत्येकाला एकेक भाकरी मांडणारे मूल एकास एक जुळविते, आणि संख्येची कल्पना याच जुळवणीतून उगवते. या कामांना ना पैसा लागतो, ना साक्षरता.

आवश्यक असते ती एकच गोष्ट : मुलाशी बोलणे. बहुतेक घरांत मुलाशी होणारे बोलणे आज्ञेचे असते. ‘इकडे ये’, ‘ते ठेव’, ‘गप्प बस’. अशा बोलण्याला मुलाकडून उत्तराची अपेक्षा नसते. याउलट ‘बाजारात काय काय पाहिलेस?’, ‘शेळी का ओरडत असेल?’, ‘मग पुढे काय झाले?’ असे विचारले की मुलाला शब्द शोधावे लागतात, घटनांचा क्रम लावावा लागतो, कारण सांगावे लागते. आजीची गोष्ट, अंगाई, उखाणे, बोटांवर मोजत म्हणावयाची बडबडगीते ही सर्व या दृष्टीने भाषाशिक्षणाचीच साधने होत. हे सारे घरच्या बोलीत व्हावे. बोली अशुद्ध समजून पालकांनी मुलाशी मोडक्यातोडक्या परक्या भाषेत बोलू लागणे हे मुलाच्या दृष्टीने हानिकारकच ठरते. जी भाषा घरात भरभरून बोलली जाते, तिच्यातच मुलाचा विचार प्रथम आकार घेतो.

अंगणात गेलेली शाळा

कुटुंब आणि वस्ती यांना बरोबर घेतल्याशिवाय बालशिक्षण रुजत नाही, हा धडा भारतात कोणा परदेशी ग्रंथातून आलेला नाही. तो येथल्याच प्रत्यक्ष कार्यातून मिळाला आहे. गुजरातमधील भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर सुरू केले. त्यांनी मुलांसाठी जसे विपुल लेखन केले, तसेच पालकांसाठीही केले. मुलाला मारू नये, भिववू नये, त्याला स्वतःच्या हाताने काम करू द्यावे, ही त्यांची शिकवण घराघरांसाठी होती. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हे कार्य पुढे महाराष्ट्रात आणले.

१९४५ साली ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उघडले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. लवकरच असे दिसून आले की, ज्या मुलांसाठी हा खटाटोप मांडला होता, तीच मुले येत नव्हती. दलित वस्तीतील आणि आदिवासी पाड्यांवरील आईबाप पहाटेच मजुरीला जात. मुलाला न्हाऊमाखू घालून वेळेवर शाळेत धाडण्यास घरी कोणी नसे. यावर पालकांना दोष देऊन थांबणे सोपे होते. ताराबाईंनी निराळा मार्ग धरला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या, मुलांना गोळा करून आंघोळ घालू लागल्या, आणि एखाद्या घराच्या अंगणातच खेळ, गाणी व गोष्टी सुरू होऊ लागल्या. आज देशभर परिचित असलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द याच कार्यातून पुढे आला. परदेशी बनावटीची महाग साधने येथे परवडण्याजोगी नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पाने आणि काड्या आल्या. ही साधने मुलांच्या आणि त्यांच्या मातांच्याही ओळखीची होती.

पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुली शाळेत का येत नाहीत याचा शोध घेता कारण सापडले, ते त्यांच्या कडेवरच होते : धाकटे भावंड. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ उभारण्यात आली. धाकटे पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि थोरली बहीण वर्गात, अशी ही व्यवस्था होती. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. कुटुंबाचा सहभाग हवा असेल, तर आधी त्या कुटुंबाचा दिवस कसा जातो हे जाणून घेतले पाहिजे, हे या प्रयोगाचे सार होय.

देशव्यापी प्रयत्न

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा आरंभ ३३ प्रकल्पांनिशी झाला. आज तिच्या सुमारे १४ लक्ष अंगणवाड्या आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांच्या जोडीला तीन ते सहा वर्षांच्या बालकांचे पूर्वप्राथमिक शिक्षण हा तिचा एक भाग आहे. अंगणवाडी सेविका ही बहुधा त्याच गावातील स्त्री असते, हे या योजनेचे मोठे बळ आहे. परंतु आहारवाटप आणि नोंदवह्या यांत तिचा बराच वेळ जातो व शिक्षणाचा वाटा आकुंचित होतो, हेही खरे आहे. बांधकामावरील मजुरांची मुले तर एका गावात टिकतच नाहीत. त्यांच्यासाठी मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत फिरती पाळणाघरे सुरू केली. काम जेथे, तेथे पाळणाघर, ही त्यांतील कल्पना कोसबाडच्या विचाराशी जवळचे नाते सांगणारी आहे.

बालशिक्षणाच्या परिणामांचा एक मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात आसाम, राजस्थान आणि तेलंगण येथील ग्रामीण भागांतील सुमारे १४ हजार मुलांचा चार ते आठ वर्षे या वयात मागोवा घेण्यात आला होता. मूल कोठेतरी जाते एवढ्याने भागत नाही, तेथे त्याला वयानुरूप खेळ व संवाद लाभतो की नुसती घोकंपट्टी, यावर त्याची तयारी अवलंबून असते, असा त्याचा निष्कर्ष आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला. महाराष्ट्रात २०२२ साली ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे गावोगावी भरविण्यात आले. पहिलीत येणारे मूल आपल्या पालकांसह शाळेत येई आणि नावनोंदणीपासून शारीरिक, बौद्धिक, सामाजिक व भाषिक विकासाच्या आणि गणनपूर्व तयारीच्या टेबलांवरून फिरत शेवटी पालकांच्या मार्गदर्शनाच्या टेबलापाशी पोहोचे. मूल काय करू शकते हे आईने आपल्या डोळ्यांनी पाहावे, आणि राहिलेले घरी कसे करून घ्यावे हे तिला समजावे, असा त्यामागील हेतू होता. वस्तीतील मातांचे गट करून उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी मुलांकडून छोटे उपक्रम करवून घ्यावेत, हीही या उपक्रमाची बाजू होती. एकटीने करताना संकोचणारी आई चौघींच्या सोबतीने ते सहज करू शकते.

शाळेचीही तयारी

आतापर्यंत मुलाच्या व घराच्या तयारीचा विचार झाला. परंतु उंबरठ्याला दोन बाजू असतात. मूल शाळेसाठी तयार आहे काय, हा प्रश्न विचारताना शाळा त्या मुलासाठी तयार आहे काय, हेही विचारले पाहिजे. पहिलीच्या शिक्षकाला मुलाच्या बोलीतील निदान पाचपन्नास शब्द कळावेत. पहिले काही आठवडे खेळ, गाणी आणि ओळख यांसाठी राखून ठेवावेत. २०२१ पासून देशात पुरस्कारिलेल्या ‘विद्याप्रवेश’ या तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमाचे सूत्र हेच आहे. शाळा उघडण्यापूर्वी अंगणवाडी सेविकेने मुलांना एकदोन वेळा शाळेत नेऊन आणल्यास नव्या इमारतीचे भय उरत नाही.

पालकांच्या सभेला कोणी येत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. सभा दुपारी असेल तर मजुरी बुडवून कोण येणार? सूचना लेखी असेल तर निरक्षर पालकाला ती कशी कळणार? आणि सभेत केवळ मुलाचे दोषच ऐकावयाचे असतील, तर दुसऱ्यांदा येण्याची इच्छा कोणाला होणार? सभा सायंकाळी वस्तीतच भरवावी, निरोप तोंडी द्यावा, आणि बोलण्याचा आरंभ मुलाला काय येते येथून करावा, एवढ्या साध्या बदलांनीही चित्र पालटू शकते. गावातील वृद्धांना गोष्टी सांगण्यास, कुंभाराला माती घेऊन येण्यास, पाड्यावरील गाणी जाणणाऱ्या स्त्रीला गाणी म्हणण्यास बोलवावे. ग्रामपंचायतीने पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि शाळेची सुरक्षित वाट यांकडे लक्ष द्यावे, कारण यांच्या अभावी लहान मूल, विशेषतः मुलगी, घरीच ठेवली जाते.

ताटातल्या तांदळांवर पहिले अक्षर उमटते तेव्हा मुलाचे बोट कोणीतरी धरलेले असते. तो हात त्या एका दिवसापुरता नसावा. त्याआधीची तीन वर्षे आणि त्यानंतरचे पहिले काही महिने घर, वस्ती आणि शाळा यांनी तो धरून ठेवला, तर वर्गात येणारे मूल आपले नाव मोठ्याने सांगेल, प्रश्न विचारील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येईल. बालशिक्षणाच्या सर्व योजनांचे मोजमाप शेवटी याच कसोटीवर करावयाचे असते.