भिंत, दालन आणि चित्रकलेचा तास

पारंपरिक हस्तकलांच्या प्रसारासाठी आंतरराष्ट्रीय प्रदर्शने आणि शालेय शिक्षण हे दोन उपाय आज नव्याने मांडले जात असले, तरी भारतात त्या दोहोंचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे जातो आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनात ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानी वस्तूंचे दालन मांडले. अशा प्रदर्शनांसाठी नमुने गोळा करण्याच्या खटाटोपातूनच मुंबईत एक वस्तुसंग्रह उभा राहिला, जो आज भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून ओळखला जातो. आणि १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून जे. जे. कलाशाळा सुरू झाली. मात्र वस्तूचे कौतुक झाले म्हणजे कारागिराचे भले होते असे नाही, हेही त्याच काळात दिसून आले. १८८६ मध्ये लंडनमध्ये साम्राज्यातील वसाहतींचे जे प्रदर्शन भरले, त्यात विणकाम आणि कुंभारकाम करून दाखवणारे ‘परंपरागत कारागीर’ प्रेक्षकांनी कुतूहलाने पाहिले. त्यांतले बहुतेक जण आग्र्याच्या तुरुंगातून आणलेले होते.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या नेतृत्वाखाली कारागिराकडे पाहण्याची दृष्टी बदलू लागली. या बदलाचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे वारली चित्रकला. आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत राहणाऱ्या वारली समाजात हे चित्र मुळात लग्नविधीचा भाग होते. कुडाची भिंत शेणाने सारवून, गेरूने रंगवून तिच्यावर तांदळाच्या पिठाने सवाष्णी ‘चौक’ लिहीत, म्हणजे नक्षीदार किनारींची चौकट काढून तिच्यात पालघट देवीची स्थापना करीत; भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी अशा आकृत्या येत. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले की तोच कुंचला. लग्न लावणारी धवलेरी, म्हणजे विधीची गाणी म्हणणारी स्त्री-पुरोहित, देवीला आवाहन करी आणि चौकाशिवाय लग्न लागत नसे. चित्र टिकावे अशी कोणाची अपेक्षा नव्हती. ते कार्यापुरते होते.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने, ज्याने त्याआधी बिहारमध्ये मधुबनी चित्रे कागदावर आणण्यास मदत केली होती, वारली पाड्यांवर कागद आणि रंग पोहोचवले. तिथेच गंजाड गावचे जिव्या सोमा मशे यांची ओळख झाली. मशे यांनी विधीच्या चौकाबाहेर पडून शेती, शिकार, तारपा या फुंकून वाजवण्याच्या वाद्याभोवतीचा नाच आणि मासेमारी रंगवली. त्यांच्या मासेमारीच्या चित्रांत जाळ्याचे बारीक विणकाम जवळजवळ सगळा कागद व्यापते आणि ते फेकणारा माणूस एका कोपऱ्यात इवलासा उरतो. ही रचना कोणत्याही कलाशाळेने शिकवलेली नव्हती. पुढे त्यांची चित्रे युरोपातील दालनांत लागली आणि २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताबरोबर त्यांचे प्रदर्शन भरले. इथे १८८६ पासूनचे अंतर मोजता येते, कारण मशे तिथे एका जमातीचा नमुना म्हणून गेले नव्हते. दोन कलावंतांपैकी एक म्हणून त्यांचे नाव भिंतीवर होते. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जपानमधील तोकामाची येथील मिथिला संग्रहालयातही मधुबनीबरोबर वारली चित्रांचा संग्रह आहे.

या यशाला दुसरी बाजू आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. चित्र भिंतीवरून कागदावर उतरले, बाजारात गेले, आणि जे काम सवाष्णींचे होते त्यात पुरुषांची नावे पुढे आली. शिवाय मागणी वाढताच तारपा नाचाचे वेटोळे चादरी, कप आणि हॉटेलांच्या भिंतींवर छापले जाऊ लागले, ज्यातून पाड्यावरच्या घरात एक रुपयाही जात नाही. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. एखाद्या प्रदेशाशी निगडित उत्पादनाचे नाव इतरांनी वापरू नये यासाठीचे हे कायदेशीर संरक्षण आहे. पण ते नावाचे रक्षण करते. नाव न लावता आकृत्या उचलणाऱ्याला त्यामुळे फारसा अडथळा होत नाही.

शाळेची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या नयी तालीम या योजनेत हस्तोद्योग हा वेळापत्रकातला जादा विषय नव्हता, तर सगळे विषय त्याच्यातून शिकवायचे होते: टकळीवर सूत काढताना गणित यावे, कापसातून भूगोल आणि कापडाच्या व्यापारातून इतिहास यावा. योजना टिकली नाही, पण वारली मुलुखातच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी बोर्डी व कोसबाड येथे पाड्यावर बालवाडी नेऊन, परिसरात सापडणाऱ्या वस्तूंपासून शिक्षणसाधने बनवून, त्या विचाराशी जवळचे नाते सांगणारे काम करून दाखवले. याउलट आजच्या बहुतेक शाळांत वारली चित्र म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण, वर एक वर्तुळ, आणि चित्रकलेचा एक तास. मुलांना आकृती येते, पालघट कोण हे मात्र कळत नाही, आणि हे चित्र काढणारी माणसे डहाणूला आजही राहतात याचा तर पत्ताच नसतो.

उलट दिशेचा प्रयत्न कच्छमध्ये झाला. तेथे २००५ मध्ये सुरू झालेल्या कला रक्षा विद्यालयात विणकर, बांधणी करणारे, अजरखाचे छपाईकार आणि भरतकाम करणाऱ्या स्त्रिया हेच विद्यार्थी होते. रंगसंगती, रचना, बाजारपेठ यांचे शिक्षण घेऊन कारागिराने स्वतःच आराखडा ठरवावा, शहरातल्या डिझायनरच्या हुकमाचा मजूर होऊ नये, हा त्यामागचा विचार होता. मशे यांना जे प्रतिभेने साधले ते अनेकांना शिक्षणाने साधावे, यासाठी अशा शाळेची पालघरलाही गरज आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, ज्यांत त्यांनी सुतार, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली काम करायचे आहे. स्थानिक कलांसाठी अशा जाणकारांना प्रशिक्षक म्हणून नेमण्याची मुभाही त्याच धोरणात आहे. तेव्हा मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी स्नेहसंमेलनाच्या मंडपावर वारली नक्षी रंगवून घेण्याआधी पाड्यावरच्या एखाद्या चित्रकर्तीला मानधन देऊन वर्गात बोलवावे, आणि खडू तिच्या हाती द्यावा.