क्लब मिटले, प्रशिक्षक टिकला

खेड तालुक्यातल्या निघोजे गावच्या शिवारात महिंद्राचा गाड्यांचा कारखाना २०१० मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी मुंबईतला महिंद्रा युनायटेड हा फुटबॉल संघ बंद झाला. शालेय आणि युवा फुटबॉलवर भर देण्यासाठी हा निर्णय घेतल्याचे कंपनीने सांगितले. दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. तरी चाकण पट्ट्यात राहून फुटबॉलवर जीव लावणाऱ्याला ते वर्ष विसरता येत नाही. १९६२ पासून चालत आलेला संघ तेव्हा संपला. त्याला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक डेरिक परेरा मात्र पुढे दशकाहून अधिक काळ मैदानावर राहिले. त्यांच्या वाटचालीकडे मागे वळून पाहिले, तर आपल्या भागातल्या फुटबॉलचा चढ-उतारही दिसतो.

परेरा मूळचे गोव्याचे, जन्म १९६२ चा. १९८० च्या दशकात साळगावकर संघाच्या बचावफळीत ते मधल्या जागी खेळायचे आणि भारताकडूनही खेळले. साळगावकरने १९८८ आणि १९८९ असा सलग दोनदा फेडरेशन चषक जिंकला, तो हाच काळ. मधला बचावपटू सगळा खेळ समोर ठेवून उभा असतो. कोण जागा सोडतो आहे, कुठे फट पडते आहे, हे त्याला आधी दिसते आणि ओरडून सांगावे लागते. प्रशिक्षकाच्या कामाची पहिली शाळा तीच.

गोव्यात वास्को संघाला शिकवून ते मुंबईत आले. २००५ मध्ये महिंद्रा युनायटेडने फेडरेशन चषक जिंकला आणि २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय लीगही. ही लीगची दहावी खेप होती. आधीच्या नऊ खेपांत विजेतेपद पंजाब, बंगाल आणि गोवा यांच्याबाहेर गेले नव्हते. महाराष्ट्रात ते पहिल्यांदाच आले. यूसिफ याकुबू, जोसे बरेटो, स्टीव्हन डायस असे खेळाडू संघात होते. २००७ मध्ये संघ एएफसी चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, २००८ मध्ये ड्युरँड चषक आला.

२००९ मध्ये परेरा पुण्याला आले. पुणे एफसी तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा क्लब होता आणि आय-लीगच्या वरच्या गटात नुकताच पोहोचला होता. पहिल्याच हंगामात त्याने तिसरा क्रमांक पटकावला. २०१२-१३ मध्ये तो उपविजेता ठरला. सामने बालेवाडीला होत. क्लबची अकादमी मामुर्डीला उभी राहिली, म्हणजे देहूरोडला खेटून. पिंपरी-चिंचवडच्या पोरांना सर्वोच्च पातळीचा फुटबॉल पहिल्यांदाच घराजवळ मिळाला, तो या चार वर्षांत.

पुढे ते साळगावकरकडे परतले. २०१४ च्या ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात त्यांच्या साळगावकरने १-० असे हरवले ते पुणे एफसीलाच. मग पुन्हा पुणे. डीएसके शिवाजियन्सचा आय-लीगमधला पहिला हंगाम त्यांच्या हाताखाली झाला आणि संघ तळाला राहिला. त्यानंतर चर्चिल ब्रदर्स, पाठोपाठ एफसी गोवाचे तांत्रिक संचालकपद, २०१९ च्या आशियाई पात्रता फेरीत २३ वर्षांखालील भारतीय संघाची धुरा आणि डिसेंबर २०२१ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, एफसी गोवाचे मुख्य प्रशिक्षकपद.

आता क्लबांचा हिशेब पाहा. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी २०१५ मध्ये संपला आणि त्याची अकादमी एफसी पुणे सिटीकडे गेली. तो क्लबही २०१९ मध्ये मिटला. त्याआधी २०१७ मध्ये डीएसके शिवाजियन्स गेला. साळगावकरने २०१६ मध्ये आय-लीग सोडली. मालकाचा रस आटला, पैसा अडला, लीगचे नियम बदलले, की क्लब एका पत्रकाने संपतो. प्रशिक्षकाने शिकवलेले मात्र खेळाडूबरोबर पुढे जाते. महिंद्रा युनायटेडकडून खेळलेले खालिद जमील यांनी मुंबई एफसीला सात हंगाम शिकवले, २०१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्याच संघाचे षण्मुगम वेंकटेश राष्ट्रीय संघाचे सहायक प्रशिक्षक झाले. संघ उरला नाही, पण त्याच्या ड्रेसिंग रूममधून प्रशिक्षकांची पिढी निघाली.

म्हणून चाकण पट्ट्याने आज मोठ्या क्लबची वाट पाहत बसू नये. पुण्याच्या महाविद्यालयांतून, विद्यापीठाच्या संघांतून खेळणारी मुले पदवीनंतर बूट खुंटीला टांगतात आणि कंपनीत लागतात. यातल्या काहींना तरी प्रशिक्षणाची वाट दाखवता येईल. डी परवान्यापासून सी, बी, ए आणि प्रोपर्यंत पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिल्या परवान्याचे शुल्क आणि तेवढ्या दिवसांची भरपगारी रजा देणे निघोजे-म्हाळुंगेतल्या कंपन्यांना जड नाही. ग्रामपंचायतीने एक मैदान राखावे, शाळेने संध्याकाळचे दोन तास द्यावेत. परेरा यांच्यासारखी कारकीर्द घडायला चाळीस वर्षे लागतात. तिची पहिली पायरी गावातच बांधता येते, आणि ती बांधायला कुठल्या लीगची परवानगी लागत नाही.