थरथरता हात आणि रोगाचे नाव

हात थरथरू लागलेल्या माणसाचे निदान वैद्यापूर्वी शेजारीच करून मोकळे होतात. कोणी भीती म्हणतो, कोणी वार्धक्य, कोणी सूचकपणे मद्याकडे बोट दाखवितो. (कंपाच्या एका प्रकारात थोड्याशा मद्याने कंप काही काळ उतरतो, हे या निदानकर्त्यांना ठाऊक नसलेलेच बरे.) प्रस्तुत लेखकाच्या उजव्या हाताला दीड वर्षापूर्वी कंप सुटला. खारीहून भाईंदर स्थानक गाठावे, महाविद्यालयात फळ्यावर मागणीचा वक्र काढावा आणि तो नागमोडी व्हावा, हा आता नित्यक्रम झाला आहे. कारण मात्र अद्याप निश्चित झालेले नाही.

थायरॉइड ग्रंथीचा अतिस्राव, दम्यावरील साल्ब्युटामॉल किंवा फेफऱ्यावरील व्हॅल्प्रोएट ही कारणे बहुधा लवकर उलगडतात. ती वगळली की मुख्यतः दोन शक्यता उरतात. एक 'इसेन्शियल ट्रेमर'. तो पुष्कळदा घराण्यात चालत येतो आणि पेला उचलताना, लिहिताना प्रकट होतो. दुसरी, जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णन केलेली व्याधी. आपण तिला कंपवात म्हणतो. तीत विसावलेला हात कापतो, हालचाली मंदावतात, अक्षर बारीक होत जाते. पुस्तकात हा भेद स्वच्छ असतो. प्रत्यक्ष हातात तितका नसतो. रक्ताची नेहमीची तपासणी येथे निवाडा देत नाही. म्हणून वैद्य कागदावर जिलबीसारखी वेटोळी काढावयास लावतात, चालवून पाहतात आणि 'सहा महिन्यांनी या' असे सांगतात. ही टाळाटाळ नव्हे. काळ जाऊ देणे हीच येथे एक तपासणी असते.

अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ साली जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला. जोखीम मोजता येते, म्हणून तिचा विमा उतरविता येतो, अनिश्चिततेचा नाही. कचेऱ्यांचेही तसेच आहे. त्यांना रोगाचे नाव हवे असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या एकवीस प्रकारांच्या यादीत पार्किन्सनचा नामनिर्देश आहे, 'इसेन्शियल ट्रेमर'चा नाही. मग निदानच न झालेल्याने कोणत्या रकान्यात खूण करावी?

या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी एक वाट दाखविली. लोकसेवा आयोगाच्या एका परीक्षार्थीला लिहिताना हाताला पेटके येत. दिव्यांगत्वाची ठरावीक टक्केवारी नाही म्हणून लेखनिक नाकारणे न्यायालयाने अमान्य केले. यादी आणि टक्केवारी यांपेक्षा हा हात लिहू शकतो की नाही, याला महत्त्व आले. आपल्या महाविद्यालयांतील परीक्षा विभागांनी हा निकाल मुळातून वाचावयास हवा. कापऱ्या हाताचा विद्यार्थी सहसा तक्रार करीत नाही. तो उत्तरपत्रिका अर्धी कोरी सोडतो आणि आपण त्याला 'अभ्यास कमी' असा शेरा देतो.

बँकेतही नावापेक्षा हाताकडे पाहता येते. सही जुळत नाही म्हणून माझा धनादेश परत आला. आजारी खातेदाराने दोन साक्षीदारांसमक्ष अंगठा उमटविण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत आहे; परंतु ज्याला सही करता येते त्याला अंगठा सुचविणे क्लेशकारक असते. अखेर एका अधिकाऱ्याने नव्या नमुना-सह्या मागितल्या. तीन कागदांवर तीन निरनिराळ्या सह्या उमटल्या. त्याने तिन्ही ठेवून घेतल्या.