दुसऱ्या गिअरात अडकलेली मर्सिडीज

जुन्या मोटारींचा शौक बाळगणाऱ्या मंडळींत एक विधान इतक्या ठामपणे आणि इतक्या वारंवार केले जाते की, त्याचा समाचार घेतल्यावाचून आता राहवत नाही. स्वयंचलित मर्सिडीज दुसऱ्या गिअरात अडकून बसली, म्हणजे तिची गिअरबॉक्स गेली, आणि ती उतरवून उघडल्याखेरीज गत्यंतर नाही, असे ते विधान. १९९६ पासून मर्सिडीजमध्ये बसू लागलेल्या आणि कारखान्याच्या परिभाषेत ७२२.६ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या पाच गिअरांच्या यंत्राविषयी ते विशेषकरून ऐकू येते. आर १२९ बांधणीची उघड्या टपाची एसएल, डब्ल्यू १४० बांधणीची भारदस्त एस-क्लास अशा ज्या गाड्या आज संग्राहकांच्या आदरास पात्र ठरल्या आहेत, त्यांच्या अखेरच्या वर्षांतील कित्येकींत, तसेच पुण्यात जोडणी झालेल्या डब्ल्यू २१० ई-क्लासच्या स्वयंचलित गाड्यांत हेच यंत्र आहे.

या यंत्राचा कारभार दुहेरी आहे. क्लच आवळण्याचे बळ तेलाच्या दाबाचे. परंतु तो दाब कोणत्या क्लचकडे, केव्हा आणि किती पाठवावा याचे हुकूम विजेचे. हे हुकूम इंजिनकप्प्यातील कंट्रोल युनिट सोडते, गिअरबॉक्सच्या पोटातील सहा सोलेनॉइड ते अमलात आणतात आणि दोन सेन्सर आतल्या फिरत्या भागांच्या गतीची खबर परत देतात. ही खबर येईनाशी झाली, किंवा आलेली खबर विसंगत वाटली, की कंट्रोल युनिट सोलेनॉइडांचा वीजपुरवठा तोडते. मग चालत्या गाडीत त्या क्षणीचाच गिअर कायम राहतो. आणि गाडी थांबवून, लिव्हर पी मध्ये घालून, इंजिन बंद करून थोड्या वेळाने पुन्हा सुरू केली, की पुढे जाण्यास दुसरा आणि मागे येण्यास रिव्हर्स एवढेच काय ते उरते. घरापर्यंत किंवा वर्कशॉपपर्यंत पोचता यावे म्हणून अभियंत्यांनी बुद्धिपुरस्सर करून ठेवलेली ही तजवीज आहे, आणि कारखान्याच्या दुरुस्ती-पुस्तिकांत तिचे वर्णन दिलेले आहे. ज्याला शंका असेल त्याने ते वाचावे.

किंबहुना, पुस्तिका बाजूला ठेवली तरी साधा तर्क पुरेसा आहे. जी गाडी दुसऱ्या गिअरात आणि रिव्हर्समध्ये न घसरता, न कुरकुरता ओढते, तिचा तेलाचा पंप, तिचा टॉर्क कन्व्हर्टर आणि निदान त्या दोन गिअरांना लागणारे क्लच शाबूत आहेत, याची साक्ष ती गाडी स्वतःच देत असते. ही साक्ष डावलून, तेलाचा एक थेंबही न तपासता, गिअरबॉक्स थेट जमिनीवर उतरवण्याचा जो प्रघात पडला आहे, त्याने मालकांचा पैसा तर जातोच. शिवाय कारखान्यात काटेकोर मापाने जोडलेले यंत्र अकारण उघडले जाते, आणि मूळ दोष जिथल्या तिथेच राहून दुरुस्तीनंतर पुन्हा डोके वर काढतो. याचा संताप येऊ नये तर कशाचा यावा?

मूळ दोष बहुधा कोठे असतो? गिअरबॉक्सच्या कुशीत जेथे वायरिंग आत शिरते, तेथे तेरा पिनांचा एक प्लास्टिकचा प्लग असतो. त्याच्या रबरी ओ-रिंगा वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतात आणि तेल झिरपू लागते. ते खाली ठिबकते तेवढ्यावर भागते तर बरे. परंतु समईतील तेल वातीने वर चढावे तसे ते तारांच्या धाग्यांमधून वर वर सरकत थेट कंट्रोल युनिटपर्यंत पोचते आणि तेथील जोडण्यांचा कारभार बिघडवते. अविश्वास वाटेल त्याने कंट्रोल युनिटचा कनेक्टर काढून बोट लावून पाहावे. इंजिनाच्या वरच्या बाजूस, गिअरबॉक्सपासून इतक्या दूर, तेलाचा ओशटपणा येण्यास दुसरे कारण नाही. प्लग किरकोळ किमतीचा आहे. मात्र नवा प्लग बसवून तारांत मुरलेले तेल तसेच राहू दिले, तर ते पुढेही काही काळ वर चढत राहते; म्हणून दोन्ही टोके स्वच्छ करून पुन्हा पुन्हा तपासली पाहिजेत.

प्लग निर्दोष आढळला, तर पुढचा संशयित म्हणजे व्हॉल्व्ह बॉडीवर बसणारी कंडक्टर प्लेट. वर सांगितलेले दोन सेन्सर तिच्यातच बसवलेले असतात, आणि ते निकामी होणे हे या यंत्राचे प्रसिद्ध दुखणे आहे. ही प्लेट ऑइल पॅन काढून, गिअरबॉक्स गाडीतच ठेवून बदलता येते. या दोहोंच्याही आधी बॅटरीचा व्होल्टेज आणि फ्यूज पाहावेत, हे सांगावे लागू नये, पण लागते. तेल काळे पडून करपल्याचा वास येत असेल, पॅनमध्ये क्लचच्या अस्तराचा गाळ साचला असेल आणि गिअर घसरत असेल, तर मात्र यंत्र उघडण्याचा निर्णय योग्य. तेथे माझा वाद नाही.

आता उरलेले गैरसमज. बॅटरीची तार काढून लावली की दोष जातो, हे खरे नाही; फार तर नोंद पुसली जाते. स्कॅनरने पी ०७०० दाखवला म्हणजे गिअरबॉक्स निकामी, हेही नाही. एसएई संस्थेच्या जे २०१२ या मानकानुसार त्या कोडचा अर्थ एवढाच की, तपशील ट्रान्समिशनच्या कंट्रोल युनिटच्या दप्तरी आहे, तेथे विचारा. त्यासाठी या काळातील अनेक गाड्यांना इंजिनकप्प्यातील अडतीस पिनांच्या गोल सॉकेटला जुळणारे उपकरण लागते. लिव्हर पी मधून हलत नसेल, तर गिअरबॉक्सला दोष देण्यापूर्वी ब्रेकचे दिवे लागतात का ते पाहावे. ते लागत नसतील, तर पेडलजवळच्या स्विचवर संशय घ्यावा. आणि कारखान्याने भरलेले तेल जन्मभर पुरते, ही समजूत आता टाकून द्यावी. ती मूळची कारखान्याचीच असली, तरी पुढे त्यानेच तेल बदलण्याची शिफारस केली. या गिअरबॉक्सला मालकासाठी डिपस्टिक दिलेली नाही. वर्कशॉपच्या मापपट्टीने, तेल ८० अंश सेल्सिअसला आल्यावर, इंजिन चालू ठेवून पातळी मोजायची असते.