शिकवायला जाणाऱ्या पोरांना सांभाळायचे कोणी?

दिवाळीची सुट्टी संपली आणि शहापूर तालुक्यातल्या एका वाडीवर, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दाराशी तिसरीतली एक मुलगी पाटी घेऊन बसून राहिली. तिला वाचायला शिकवणारी ताई येणार होती. ताई आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. पाचव्या दिवसापासून ती मुलगीही येईनाशी झाली. आठवड्याभराने तिचे आई-बाप तिला घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर निघून गेले.

ती ताई आम्हीच पाठवलेली. बारावी झालेली, आमच्याच वस्तीतली गुणी पोर. तिचा काही गुन्हा नव्हता. घरी भाताची झोडणी होती, कॉलेजचा परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, आणि एस.टी.चे भाडे पदरचे घालून किती दिवस जाणार? जमत नाही हे कोणाला सांगायचे, ते तिला ठाऊक नव्हते. कारण आम्ही ते तिला कधी सांगितलेच नव्हते. चूक आमची होती. त्या चुकीने आम्हाला जे शिकवले ते आज वाचकांपुढे ठेवतो आहोत.

अकरांचे चार झाले

पहिल्या वर्षी आमचा उत्साह मोठा होता. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या चार शाळांना अकरा तरुण-तरुणी दिल्या. कोणी कॉलेजात, कोणी बारावी होऊन घरी बसलेले. एक सभा घेतली, भाषणे झाली, टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून पोरे वर्गात. दिवाळीला मोजले तर चार उरले होते.

जे गेले त्यांच्या घरी आम्ही नंतर गेलो. एकाला भिवंडीच्या गोदामात काम लागले होते. एकीच्या घरी सोयरीक आली होती. मुरबाडकडच्या एका मुलाला गुरुजींनी चौथीचा अख्खा वर्ग देऊन टाकला होता आणि स्वतः कागदपत्रांत गुंतले होते. चाळीस पोरांपुढे तो घाबरून गेला. आणि एकीची आई आम्हाला तोंडावर म्हणाली, "फुकटची हमाली करून घेता आमच्या पोरीकडून, आणि फोटो तुमचे." आम्ही खाली मान घालून ऐकून घेतले.

आणखी एक गोष्ट लपवत नाही. आमच्याच दोघा पोरांच्या तोंडून आम्ही ऐकले, "कातकऱ्यांची पोरं आहेत, त्यांच्या डोक्यात शिरत नाही." ज्यांच्या आजोबांना याच शब्दांत शाळेबाहेर ठेवले गेले, त्यांच्या नातवांनी हे बोलावे! त्या दिवशी कळले, समाजासाठी काम करायला निघालेल्या तरुणालाही आधी शिकवावे लागते.

वाट जुनीच आहे

आपल्या या भागात हे काम नवे नाही. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात, आज पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. १९९० नंतरच्या दशकात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची झोपडी. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली, तिथे म्हाताऱ्यांना अक्षरे शिकवली ती गावातल्याच एका सुनेने.

२००० सालाच्या सुमारास सरकारने वस्तीशाळा काढल्या, तेव्हा गावचेच शिकलेले तरुण महिना हजार रुपये मानधनावर उभे राहिले. त्यांना कायम शिक्षक म्हणून सामावून घ्यायला २०१४ साल उजाडले. ऐन तारुण्याची वर्षे आशेवर गेली. म्हणून आम्ही आता पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतो: या कामातून नोकरी लागणार नाही. अनुभवाचा दाखला मिळेल, प्रवासखर्च मिळेल, त्याहून जास्त काही नाही. खोट्या आशेवर पोरे राबवून घेणे हीसुद्धा वेठच.

मुंबईच्या बालसखी

या बाबतीत सगळ्यात शिकण्यासारखे काम मुंबईत झाले. 'प्रथम' या संस्थेने महापालिकेच्या शाळांत बालसखी नेमल्या. वस्तीतल्याच, शाळा शिकलेल्या तरुण मुली. महिना ५०० ते ७५० रुपये मानधन, सुरुवातीला सुमारे दोन आठवडे प्रशिक्षण. वर्गात मागे पडलेली १५ ते २० मुले रोज दोनेक तास वेगळी बसवायची आणि त्यांना पायापासून वाचन-गणित शिकवायचे. २००१ ते २००३ या काळात मुंबईत आणि वडोदऱ्यात याची शास्त्रीय पाहणी झाली. पाहणी करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते, ज्यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि फायदा झाला तो प्रामुख्याने मागे पडलेल्यांनाच.

पण पुढची गोष्टही ऐका. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात स्वयंसेवकांनी गावात शाळेबाहेर वाचनवर्ग घेतले. जी मुले आली ती शिकली, पण आली फार थोडी. उत्तराखंडात स्वयंसेवक थेट शाळेत दिले, तर त्यांना नेहमीच्या शिक्षकांच्याच कामाला जुंपले गेले आणि मुलांना फायदा झाला नाही. आमच्या मुरबाडच्या पोराचे नेमके हेच झाले होते!

म्हणजे पोरे चांगली असून भागत नाही. त्यांना काम कोणते, मुले किती, वेळ कोणता, आणि अडले तर विचारायचे कोणाला, हे आधी ठरले पाहिजे.

आता आम्ही काय करतो

पहिले म्हणजे शाळेशी बोलणे. पोर पाठवण्याआधी मुख्याध्यापकांशी आणि शाळा व्यवस्थापन समितीशी बसून एका कागदावर लिहून घेतो: कोणती मुले, कोणत्या खोलीत, किती ते किती. पंधरापेक्षा जास्त मुले नाहीत. पूर्ण वर्ग सांभाळायला द्यायचा नाही. गुरुजींचे काम गुरुजींचे.

दुसरे म्हणजे तारखा. भातलावणी, कापणी, परीक्षा हे सगळे आधीच धरून चालतो. जून ते दिवाळी असा एकच टप्पा ठरवतो. पुढचा टप्पा ज्याला जमेल त्याने घ्यावा. कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत असलेल्या मुलांना वर्षाला १२० तास सेवा करायची असते. रोज दोन तास धरले तर साठ दिवस होतात. कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांशी आधी बोलून ठेवले तर तेच तास इथे लागू शकतात.

तिसरे, भाडे. एस.टी.चे भाडे दर शनिवारी रोख हातात. मुरबाडला तर रेल्वेही नाही. गाडी चुकली की दिवस गेला. चार घरची वर्गणी काढतो, पण पोराच्या खिशाला हात लावत नाही.

चौथे, शनिवारची बैठक. तासभरच, पण चुकवायची नाही. भाषण नाही. प्रत्येकाने आपल्या वहीतून सांगायचे: कोण आले, कोण आले नाही, कोण कुठे अडले. "डोक्यात शिरत नाही" असे कोणी म्हणाले की आम्ही विचारतो, त्याच्या घरी जाऊन आलास का? एक पोर जाऊन आला. त्याला कळले की ती मुलगी सकाळी दोन हंडे पाणी आणून मगच शाळेत येते. भातसा आणि तानसा धरणांचे पाणी मुंबईला पाजणारा हा तालुका, आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. त्यानंतर त्या पोराच्या तोंडून ते वाक्य पुन्हा आले नाही.

पाचवे, मुलांची सुरक्षितता. छडी नाही, चिमटा नाही, टोमणा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. एकट्या मुलाला बंद खोलीत शिकवायचे नाही. घरभेटीला दोघांनी जायचे.

सहावे, निरोप. ज्याला थांबायचे आहे त्याने पंधरा दिवस आधी सांगायचे, आणि शेवटच्या दिवशी मुलांसमोर उभे राहून सांगायचे की मी जातो, आता ही ताई येईल. जाणाऱ्याने आपली वही येणाऱ्याच्या हातात द्यायची. ज्यांची मुले भट्टीवर जाणार त्यांना शाळेकडून शिक्षण हमी पत्रक मिळाले की नाही, हेही पाहायचे. त्यावर भट्टीजवळच्या शाळेत मुलाला बसता येते.

आई-बापांना विनंती

तुमची मुलगी शिकवायला जाते म्हणते तेव्हा तुमच्या मनात शंका येतात, त्या रास्त आहेत. कोणासोबत जाणार? कधी परत येणार? हे प्रश्न आम्हाला विचारा. आम्ही घरी येऊन उत्तर देऊ. आता पहिल्या दिवशी आम्ही आईला शाळेवर घेऊन जातो. "फुकटची हमाली" म्हणणारी माउली मागच्या जूनमध्ये आली, मागच्या बाकावर बसली, आणि लेकीपुढे बारा पोरे बाराखडी म्हणताना तिने ऐकले. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी लेकीच्या डब्यात दोन भाकऱ्या जास्त होत्या.

ती पाटीवाली मुलगी पहिल्या पावसाबरोबर भट्टीवरून परत आली. अक्षरे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागली. पूर्वीची ताई आता नोकरीला आहे. आम्ही तिला निरोप धाडला, आणि एका रविवारी ती वाडीवर आली. मुलगी आधी बोलेना. मग हळूच विचारले, "ताई, तू का नाही आलीस?" ताईने खरे ते सांगितले आणि सोबत आणलेल्या नव्या ताईचा हात तिच्या हातात दिला.

हे काम आपल्या वस्तीत करायचे असेल तर मे महिन्यातच बसा. अकरा पोरे गोळा करू नका. तीनच घ्या, पण त्या तिघांची शनिवारची बैठक कोण घेणार, हे आधी ठरवा.