खिळे, फाँट आणि आमचे आप्पा

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या कॉलेजच्या मराठी विभागात एक विचित्र चोरी उघडकीस आली. कपाटाचे कुलूप शाबूत होते, वस्तू जागच्या जागी होती, आणि तरीही ऐवज नाहीसा झाला होता!

ऐवज म्हणजे जात्यावरच्या ओव्या. २००४ व २००५ साली आमच्या विद्यार्थ्यांनी जळगाव-धुळे जिल्ह्यांतल्या आपापल्या आज्यांपाशी बसून ३०० च्या वर अहिराणी ओव्या उतरवून आणल्या होत्या. मी तेव्हा नुकताच रुजू झालो होतो. थोड्या ओव्या कॉलेजच्या वार्षिकात छापल्या, बाकीच्या संगणकात ठेवल्या आणि आम्ही निर्धास्त झालो. पुढे मूळ वह्यांना वाळवी लागली, तेव्हाही "संगणकात आहेत ना!" म्हणून कुणी फारसे हळहळले नाही. गेल्या वर्षी त्यांची पुस्तिका काढायचे ठरले. नव्या संगणकावर फाइल उघडली, तो पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांचा नुसता चिवडा! ओव्या सांगणाऱ्या आज्यांपैकी बहुतेक आता हयात नाहीत. पुन्हा विचारायचे कुणाला?

योगायोगाने माझा भाचा त्या दिवशी आमच्याकडे आला होता. तो पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पडद्याकडे पाहून तो हसला.

"मामा, ही फाइल बिघडलेली नाही. ती पहिल्यापासून मराठीत नव्हतीच."

मराठीच्या प्राध्यापकाला हे ऐकून काय वाटले असेल, याची वाचकांनी कल्पना करावी! पण त्याचे म्हणणे खरे होते. जुन्या फाँटांत संगणकाच्या लेखी अक्षरे इंग्रजीच असत. त्यांवर चित्रे तेवढी देवनागरीची चढवलेली. 'कृतिदेव' या फाँटात इंग्रजी 'डी'च्या घरात आपला 'क' राहतो, तर 'जे'च्या घरात 'र'. दुसऱ्या फाँटात बिऱ्हाडे निराळी. फाँट गेला की मुखवटा गळतो आणि आतले इंग्रजी उघडे पडते. युनिकोडमध्ये असे पोटभाडेकरू नाहीत. तिथे देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. त्या योजनेची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली, तीत देवनागरी होती. आणि 'विंडोज २०००' पासून ती घरोघरच्या संगणकांत येऊ लागली. म्हणजे आम्ही ओव्या टिपल्या तेव्हा नवे साधन दाराशी येऊन उभे होते. आम्हीच दार उघडले नव्हते.

दार न उघडण्याचे कारण म्हणजे आमचे आप्पा. आप्पा आमचे जुळारी. हा शब्द आता ऐकू येत नाही. सोळाव्या वर्षी ते धुळ्यातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायला लागले. शिशाच्या खिळ्यांवरची उलटी अक्षरे ते आपण सुलटी वाचतो त्याहून झरझर वाचत. संगणक आला तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर तेही शिकले आणि पुढे आमच्या वार्षिकाची वीस वर्षे त्यांनीच पाने लावली. "आप्पा, आता युनिकोड घ्या," असे मी अनेकदा सुचवले. "चालतंय ना सर? मग हात कशाला लावायचा?" हे त्यांचे ठरलेले उत्तर.

मला हा म्हातारपणाचा हट्ट वाटे. भाचा मात्र म्हणाला, "मामा, आमच्या कंपनीतले तिशीतले इंजिनियरही अगदी हेच म्हणतात." कोबोल नावाची संगणकभाषा १९५९ साली आखली गेली, तिच्यात लिहिलेल्या आज्ञावल्यांवर जगातल्या कितीतरी बँका आजही चालतात. लिहिणारे निवृत्त झाले, टिपणे सापडत नाहीत, म्हणून कुणी हात लावायला धजत नाही. भाच्याच्या गटातही असेच एक जुने धूड होते. नव्या साहेबांनी एका रात्रीत सगळे बदलायचा हुकूम सोडला आणि दोन दिवस काम ठप्प झाले. मग ती मंडळी शहाणी झाली. जुने चालू ठेवायचे, एकेक तुकडा बदलायचा, आणि बदलण्याआधी बरोबर उत्तर काय यायला हवे ते लिहून ठेवून प्रत्येक वेळी ताडून पाहायचे.

तीच रीत आम्ही धरली. पण ताडून पाहायला मूळ पाने दिसायला हवीत, आणि जुनी प्रणाली चालणारा एकच संगणक शिल्लक होता, तो आप्पांच्या धुळ्याच्या घरी! एरंडोल, पारोळा करत आम्ही मामा-भाचे एका रविवारी तिथे पोचलो. वाटेत माझ्या मनात येत होते, की लिहून ठेवले तर टिकते हे खानदेशाला कुणी शिकवायला नको. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती भराभर उतरवून घेतली म्हणून आज आपल्या हाती आहेत. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी टिपली आणि त्या गेल्यावर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. त्या कागदांना फाँट लागत नव्हता.

आप्पांनी चहा दिला, पण संगणक दाखवीनात. शेवटी मान खाली घालून म्हणाले, "सर, आमचा छापखाना बंद झाला तेव्हा सगळे खिळे मोडीत गेले. शिशाच्या भावानं, वजनावर. तीस वर्षं हाताळलेली अक्षरं तराजूत घातली. तेव्हाही सगळे म्हणत होते, नवं आलंय, जुन्याचं काय काम!"

माझ्याने काही बोलवेना. हट्ट म्हणून ज्याची मी थट्टा करीत आलो, ते दुःख होते.

भाचाच बोलला, "आप्पा, मोडीत काहीच काढायचं नाही. उलट तुमच्याशिवाय हे होणारच नाही. कुठल्या घरात कोणतं अक्षर राहतं, ते तुम्हालाच ठाऊक."

संध्याकाळपर्यंत अक्षरांचा तक्ता तयार झाला. भाच्याने त्यावरून दोन रात्रींत एक छोटी आज्ञावली लिहिली, आणि परीक्षेसाठी वार्षिकाची छापील वीस पाने निवडली. ओव्यांना हात त्यानंतर. निकाल पाहून मी खूष झालो. आप्पांनी मात्र चष्मा वर केला आणि अहिराणीत म्हणाले, "हाऊ र आपला नही शे, सर."

पाहतो तो स्नेहसंमेलनाच्या वृत्तान्तात रुचकर भोजनाबद्दल 'आचाऱ्यांचे' मानलेले आभार 'आचार्यांचे' झाले होते, आणि सातपुड्याच्या 'दऱ्या'चा 'दर्या' होऊन डोंगरात समुद्र शिरला होता! भाच्याने आज्ञावलीचा सांगाडा हिंदीसाठी केलेल्या एका नमुन्यावरून घेतला होता, आणि हिंदीत हा 'ऱ्य' नाहीच. ओव्यांत अशी चूक राहती, तर ती पकडायला छापील प्रतही नव्हती.

दुसरी खोड आमची होती. एकाच मजकुराच्या सात फाइली निघाल्या: 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'खरे अंतिम', 'सरांनी पाहिलेले अंतिम'! भाच्याच्या धंद्यात यासाठी 'गिट' नावाचे साधन वापरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली तयार केले. कुणी, कधी, काय आणि का बदलले, याची त्यात नोंद राहते. आम्ही त्यातले तत्त्व तेवढे घेतले आणि एक साधी रोजनिशी घातली.

दिवाळीच्या सुट्टीत काम पुरे झाले. एक फाइल कायमची गेली. तिच्यातल्या चाळीसेक ओव्या कुणाच्या होत्या, हेही आता सांगता येत नाही. बाकीच्या आल्या. आता शोधपेटीत 'माय' लिहिले, की ती ज्या ज्या ओवीत आहे ती प्रत्येक ओवी पुढे येते.

आप्पा सध्या 'इनस्क्रिप्ट' शिकत आहेत. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. बोटे अडखळतात, मग ते स्वतःवरच चिडतात. परवा रोजनिशी चाळली. शेवटची नोंद त्यांच्या वळणदार अक्षरात होती: "ओवी ११२. 'र' बदलला. कारण, पहिला चुकीचा होता. जुनी प्रत ठेवली आहे."